‘ताई, याने माझी शाळा सुरू होईल का?’

ती शैक्षणिक विषमतेवर पीएचडी करत होती. माझ्याकडे समुपदेशनाला आली ती झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) गोवंडीच्या ज्या वस्तीत ती वाढली, तिथल्याच शाळा सुटलेल्या मुलींच्या मुलाखती तिने घेतल्या होत्या. चौदा रेकॉर्डिंग फोनमध्ये पडून होती आणि महिनाभर तिला एकही ऐकवत नव्हतं. मुलाखत संपता संपता एकीने विचारलं होतं, ‘‘ताई, याने माझी शाळा सुरू होईल का?’’

‘‘मॅडम, मी यांच्या जिवावर डिग्री मिळवतेय.’’ संशोधन करणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकते. तरी पहिल्या भेटीत चुकलेच. संशोधकाने अंतर राखावं, असं काहीतरी पुस्तकी बोलून गेले.

‘‘अंतर कुठून आणू? तिची आई आणि माझी आई एकाच नळावर पाणी भरायच्या.’’

मी गप्प.

पुढच्या वेळी म्हटलं, त्या मुलीबद्दलच सांग. आठवी झाली, पालिकेची शाळा तिथेच संपली. पुढची शाळा लांब, घरचे पाठवेनात, धाकट्या भावाला सांभाळायला दुसरं कोणी नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयापुरता. मुलगी जिथे अडते तिथेच तो थांबतो. बोलताना तिचा आवाज चढला. प्रबंधाचं महिनाभर रखडलेलं प्रकरण ती मला तोंडी सांगत होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

‘‘तिला उत्तर काय दिलंस?’’

‘‘काहीच नाही. हसले नुसती.’’ मग स्वतःवरच चिडून म्हणाली, ‘‘जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, पण त्याआधी शाळा काढल्या होत्या. मी नुसतं निवेदनच लिहितेय.’’

‘‘शाळा नको काढूस. आधी तिला जाऊन खरं उत्तर देऊन ये.’’

माझ्या मते तिची झोप त्या हसण्यातच अडकली होती. प्रबंध लिहिणं हा काही गुन्हा नव्हता.

तीन आठवड्यांनी आली. ‘‘प्रबंधाने तुझी शाळा सुरू होणार नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. आणि लगेच विचारलं, ते १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं ना?’’ दोघी मिळून शाळेत चौकशी करून आल्या होत्या. मुलीचे वडील अजून नाहीच म्हणतात.

‘‘आणि झोप?’’

‘‘येते थोडी. तीन रेकॉर्डिंग उतरवून झाली. तिचं अजून राहिलंय.’’