फ्लश केला तरी कमोड साफ होत नाही

प्रश्न : आमची इमारत जुनी आहे. कमोडच्या मागे प्लॅस्टिकची टाकी आहे. एका फ्लशमध्ये काम होत नाही, दोन-तीनदा बटण दाबावं लागतं. प्लंबर म्हणतो, कमोडच बदला. बदलावा का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : इतक्यात नको. कमोड काढताना लादी फुटते आणि जोड नीट बसला नाही तर खालच्या घरात गळती सुरू होते. आधी दोष टाकीत आहे की पाइपात, ते पाहा. बादलीत सात-आठ लिटर पाणी घेऊन ते कमोडमध्ये भरकन ओता. पाणी काठाकडे चढू लागलं तर लगेच थांबा. सगळं गर्रकन खेचलं गेलं, तर कमोडचा खालचा मार्ग आणि पाइप मोकळे आहेत. पाणी वर चढून सावकाश उतरलं, तर चोकअप आहे.

दोष टाकीचा वाटला तर झाकण काढा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या, आतल्या उभ्या नळीच्या) तोंडाखाली साधारण दोन सेंटीमीटरपर्यंत भरायला हवं; कमी असेल तर फ्लोटचा (पाण्यावर तरंगणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून पातळी वाढवा. पाणी वाचवायला कोणी आत बाटली ठेवली असेल तर ती काढा. मग फ्लश व्हॉल्व्ह, म्हणजे बटणाखालची पाणी सोडणारी झडप, थेट हाताने दाबून पाहा. हाताने जोरात पाणी येतं आणि बटणाने येत नाही, तर बटणाखालची कांडी आखूड पडते आहे. ती दोन-तीन आटे बाहेर काढा. जास्त काढलीत तर व्हॉल्व्ह बसणार नाही आणि पाणी सतत झिरपत राहील.

टाकी मध्यंतरी बदलली होती का, हे जरूर आठवा. जुने कमोड 10 लिटरच्या फ्लशसाठी बनवलेले असत. आजच्या टाक्या पूर्ण फ्लशला 6 आणि अर्ध्याला 3 लिटर सोडतात. जुन्या कमोडला नवी टाकी जोडली की सगळे भाग उत्तम असूनही जोर मिळत नाही. तुमच्याकडे तसं झालं असेल, तर मोठ्या क्षमतेची टाकी हा स्वस्त उपाय आहे.

मुंबईत आणखी एक कारण वारंवार दिसतं. तलावांचं पाणी सौम्य असतं, पण अनेक सोसायट्या फ्लशला बोअरवेलचं पाणी देतात. त्यातल्या क्षारांनी कमोडच्या कडेखालची भोकं बुजतात आणि पाणी नुसतं ओघळतं. कडेखाली आरसा धरून बघा. एक लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, त्यात भिजवलेले टिश्यू कडेखाली दाबून रात्रभर ठेवा. सकाळी ते काढून कचऱ्यात टाका, फ्लश करू नका, आणि भोकं जुन्या टूथब्रशने घासा. टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

चोकअप असेल तर रबरी पंपाचं तोंड पाण्यात पूर्ण बुडेल इतकं पाणी ठेवा आणि पंधरा-वीस वेळा दाबा-ओढा. नाही सुटला तर प्लंबरकडून पाइपात लांब लवचीक स्प्रिंग फिरवून घ्या. वाइप्स आणि सॅनिटरी पॅड हेच बहुतेक वेळा अडकलेले सापडतात. मात्र वरच्या मजल्यावर फ्लश झाल्यावर तुमच्या कमोडमध्ये गुडगुड होत असेल, किंवा शेजाऱ्यांकडेही पाणी हळू उतरत असेल, तर उभा सामायिक पाइप तुंबला आहे. तो साफ करणं सोसायटीचं काम आहे. सेक्रेटरींना लेखी कळवा.

प्रश्न : आम्ही शेवटच्या मजल्यावर राहतो. भिंतीतल्या फ्लश व्हॉल्व्हला जोरच नाही. खालच्या मजल्यांवर मात्र ठीक चालतो.
– एक वाचक, दादर

उत्तर : गच्चीवरची टाकी तुमच्या डोक्यावरच आहे, म्हणून दाब कमी. दर मीटर उंचीला सुमारे 0.1 बार (दाबाचं एकक) दाब मिळतो. टाकी तीन-चार मीटर वर असेल तर 0.3 ते 0.4 बारच. स्टॉपकॉक (पाणी बंद-चालू करायची चावी) पूर्ण उघडा आहे ना, ते आधी पाहा. तरीही फरक नसेल तर व्हॉल्व्ह बंद करून कमोडमागे टाकी बसवून घ्या. टाकी हळू भरली तरी फ्लशचा जोर कमी होत नाही.