वाचकांचे प्रश्न : सांगितले, पण पोहोचले का?

प्रश्न : मी कार्यालयात एका लहान गटाचे काम पाहतो. सूचना स्पष्ट शब्दांत देतो, सहकारी माना डोलावतात, आणि तरीही हाती वेगळेच काम येते. माझ्या बोलण्यात नेमके काय कमी पडते?

उत्तर : तुमच्या शब्दांत कदाचित काहीच कमी नसेल; उणीव आहे ती मान डोलावण्याला होकार समजण्यात. बोलणे चालू असताना आपण सारेच ‘हं’ म्हणतो, मान हलवतो. त्याचा अर्थ ‘मी ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच असतो. समजले की नाही, हे त्यातून कळत नाही.

शिवाय आपला आशय आपल्याला इतका स्वच्छ दिसत असतो की ऐकणाऱ्यालाही तो तसाच दिसत असेल, असे आपण गृहीत धरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये केलेल्या प्रयोगात काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवला. ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात चाल घुमत होती, समोरच्यापर्यंत नुसती टकटक पोहोचत होती.

हा गैरसमज किती महाग पडू शकतो, हे 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दिसले. दाट धुके होते. धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या विमानातून ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचे वाक्य आले. विमान निघालेले होते. नियंत्रकाने मात्र ते निघण्याच्या जागी उभे आहे, असा अर्थ घेतला. ‘थांबा, मी सांगतो’ हे त्याचे पुढचे शब्द आणि त्याच धावपट्टीवर असलेल्या दुसऱ्या विमानाचा इशारा एकाच वेळी रेडिओवर आल्याने कर्कश आवाजात बुडून गेले. दोन्ही विमानांची टक्कर होऊन 583 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर विमानवाहतुकीत ठरावीक शब्दयोजनेवर कटाक्षाने भर देण्यात आला, आणि मिळालेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवणे काटेकोर झाले.

तुम्हालाही हेच करता येईल, मात्र परीक्षा घेतल्यासारखे नको. ‘समजले ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते, कारण ‘नाही’ म्हणणे संकोचाचे असते. त्याऐवजी ‘सुरुवात कुठून कराल?’ असे विचारा. उत्तरातून समोरच्याने काय ऐकले ते आपोआप बाहेर येईल. बोललेले वाक्य ऐकणाऱ्याला पान उलटून पुन्हा पाहता येत नाही, म्हणून काय हवे ते आधी सांगा आणि कारणे मागाहून. तारखा व आकडे लिहूनच द्या.

प्रश्न : संवादात शब्दांचा वाटा केवळ 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55 टक्के असतो, असे एका प्रशिक्षणवर्गात सांगितले गेले. हे खरे आहे का?

उत्तर : सरसकट नाही. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांतून आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत उच्चारून, आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनातील आवडनिवड ऐकणारे कशावरून ओळखतात, एवढेच तपासले होते. भावना व मनोवृत्ती यांपलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असे मेहरेबियन यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. फोनवर चेहरा दिसत नाही, तरी पत्ता पूर्ण सांगता येतो, तो शब्दांच्याच बळावर. प्रशिक्षणवर्गांतून हे आकडे अजूनही बेधडक सांगितले जातात, याचे मला वाईट वाटते, कारण त्यामुळे लोक शब्दांची निवड सोडून हातवाऱ्यांच्या मागे लागतात.

स्वर आणि शब्द एकमेकांविरुद्ध गेले की ऐकणारा बहुधा स्वरावर विश्वास ठेवतो, एवढे मात्र खरे. घड्याळाकडे पाहत घाईघाईने ‘काही शंका असतील तर जरूर विचारा’ असे म्हटले, तर कोणीही शंका विचारणार नाही.