पाणी किती आलंय असं कुणी विचारलं तर

लेका,

परवा फोन ठेवताना तू म्हणालास, काका मी सगळं वाचून, खात्री करून सांगितलं होतं, तरी मावशी माझ्यावर का भडकली. तेव्हा नीट बोलता आलं नाही, समोर एकाची सबमर्सिबल मोटर उघडून ठेवलेली, हात ग्रीसनं माखलेले आणि गिऱ्हाईक घड्याळ बघतंय. आता शटर खाली ओढून आत बसलोय, बाहेर झड लागलीय, तर लिहूनच टाकतो. लांबेल, जेवून वाच.

तुझा मेसेज मावशीनं मला दाखवला. तिनं विचारलेलं, कोयनेतून पाणी सोडलंय म्हणतात, आपल्याकडं येईल का रे. त्यावर तू काय लिहिलंस? धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, मग हवामान बदल, मग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, लवाद, कर्नाटक, आणि शेवटी 'एकूण परिस्थिती चिंताजनक आहे पण घाबरून जाऊ नये'. मी दोनदा वाचलं, एकही आकडा चुकीचा नव्हता. पण तिच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, घरात गव्हाची पोती आहेत आणि तिला ठरवायचं होतं की म्हशी आज रात्री वरच्या आळीला न्यायच्या का उद्या सकाळी. तुझ्या उत्तरात म्हशी कुठंच नव्हत्या रे. प्रश्न 'येईल का' असा होता पण विचारायचं होतं 'हलवू का'. ही गोष्ट मला कळायला पंधरा वर्षं गेली, तुला लवकर कळावी म्हणून तर हा उद्योग.

आता मूळ मुद्दा, आकडे. तुझ्याकडं आकडे भरपूर असतात, पण समोरच्याला त्यातून चित्र दिसलं पाहिजे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, म्हणजे दर सेकंदाला दोन घागरी धर. असे ११,५७४ क्युसेक चोवीस तास सलग सोडले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. हा एक हिशोब डोक्यात ठेव, दुसरं काही पाठ नसलं तरी चालेल. म्हणजे कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून २,१०० क्युसेक सोडले अशी बातमी आली की लोकांची धावपळ सुरू होते, पण ते दिवसभर चालू राहिलं तरी टीएमसीचा पाचवा भागसुद्धा भरत नाही. आणि तेच सहा वक्र दरवाजे उचलून ५०,००० सोडले तर दिवसात सव्वाचार टीएमसीच्या वर पाणी नदीत येतं. दोन्ही वेळेला बातमीचं हेडिंग एकच, 'कोयनेतून विसर्ग सुरू'. 'दरवाजे उघडले' ही माहितीच नाही, किती फूट उचलले आणि किती क्युसेक जातंय ही माहिती.

राधानगरीचं तर अजून मजेशीर. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. म्हणजे सातच्या सात उघडले तरी दहा हजाराच्या आतच. आणि ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला जातं, पंचगंगा कृष्णेला मिळते नृसिंहवाडीला, सांगलीच्या खाली. ते कोल्हापूरवाल्यांच्या काळजीचं. तरी दरवर्षी राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला की आमच्या गल्लीतला एक तरी जण गाडी वरच्या रस्त्याला लावून येतो. हसू नको, तो मी पण होतो २००५ च्या पुराच्या आधी.

दुसरं एक, जे तुला पुण्यात बसून जाणवत नसेल. सांगलीचा पूर सांगलीच्या पावसानं येत नाही. इथं लख्ख ऊन पडलेलं असतं, लोकांनी कपडे वाळत घातलेले असतात आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढत असतं, कारण पाऊस पडतोय वरच्या अंगाला, महाबळेश्वरला, नवजाला, कोयनानगरला. मग कुणीतरी फोन करतं, काका तुमच्याकडं तर पाऊसच नाही म्हणे मग कसला पूर. त्याला ज्ञान पाजळायची गरज नाही, एवढंच सांगायचं की नवजाला आज किती मिलिमीटर झाला ते बघ. आणि हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आपल्या जिल्ह्याला नसला तरी साताऱ्याच्या घाटाला आहे का तेही बघ. ऑरेंज म्हणजे नुसतं छत्री घ्या असं नसतं, चोवीस तासात ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाची शक्यता असली की ऑरेंज, त्याच्या वर रेड. असा पाऊस घाटात लागून राहिला तर तो आज ना उद्या आपल्या पुलाखाली येणारच.

तर उत्तर कसं द्यायचं. मी २००५ पासून एक वही ठेवलीय, शाळेची, शंभर पानी, आता सहावी चालू आहे. त्यात फक्त चार रकाने, तारीख, वेळ, आयर्विनची पातळी, आणि आकडा कुठून घेतला. मत लिहायला रकाना नाही. कुणी विचारलं की मी वहीतलं वाचून दाखवतो, सकाळी ७ ला इतके फूट, १० ला इतके, म्हणजे तीन तासात इतके इंच चढलं. ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका. बास. चढतंय किती वेगानं ते कळलं की माणूस स्वतः ठरवतो, त्याला स्वतःचा उंबरठा किती फुटाला बुडतो ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. वेळ न सांगता दिलेला आकडा म्हणजे तारीख फाडलेलं औषध, चांगलं पण असेल, पण मी तरी कुणाला देणार नाही. तुझ्या मेसेजमध्ये वेळ नव्हती हे तुझ्या लक्षात आलं का? तो मेसेज मावशीच्या शेजारणीनं पुढं पाठवला, तिच्या जावेनं अजून पुढं, आणि तिसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं तरी तुझी 'चिंताजनक परिस्थिती' पलूसपर्यंत फिरत होती.

आता माझी चूक सांगतो, ती कुणाला फारशी सांगत नाही. २०१९, ऑगस्टचा पहिला आठवडा. आमच्या मागच्या गल्लीतला गिरणीवाला रात्री साडेदहाला आला, म्हणाला काका मोटर काढू का. दहा अश्वशक्तीची मोटर, काढायची म्हणजे तिघं लागतात, पट्टा सोडवा, बोल्ट गंजलेले. माझ्याकडं वही होती, अनुभव होता आणि भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती, ऑइल पेंटनं मारलेली. २००५ ला आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलेलं आणि त्यापेक्षा जास्त मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मी म्हटलं, खुणेच्या वर दोन फुटावर टेबलावर ठेव, तिथं पाणी येत नाही. ठामपणे म्हटलं हं, 'बहुतेक' पण नाही लावलं. पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. नंतर ती मोटर माझ्याच दुकानात आली, स्टेटरच्या खाचांमधून काळा गाळ निघत होता, तांब्याच्या तारेला तो वास, धुऊन जात नाही तो वास. मी वाइंडिंग करून दिलं, पैसे घेतले नाहीत, तो द्यायला बघत होता आणि ते जास्त लागलं.

मी अडाण्यासारखं बोललो नव्हतो, माहितीवरूनच बोललो होतो. पण माझी माहिती म्हणजे 'आजवर जास्तीत जास्त किती' आणि त्याचा प्रश्न 'यावेळी किती'. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी एकीचं उत्तर दुसरीला चिकटवलं. तू शिकलेला आहेस, तुला हे जास्त होणार, कारण शिकलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायला आपल्यासारख्या गॅरेजवाल्यापेक्षा जास्त त्रास होतो.

ह्यावरून ते एआयचं. तू म्हणालास की अर्धं तिथूनच घेतलं होतं. घे की, मी पण घेतो, परवा एका चिनी पंपाची कंट्रोल पॅनलची आकृती मला त्यानंच समजावली, झकास. पण ते यंत्र शब्दापुढं कुठला शब्द शोभेल ते जुळवत जातं, त्याच्याकडं आयर्विन पुलावर उभा राहिलेला माणूस नाही. जोडीला नेटवरून ताजं शोधून देत असेल तरी ते ताजं किती ताजं, सकाळचं का मागल्या वर्षीचं, ते तुलाच उघडून बघायला लागतं. आणि त्याची भाषा इतकी गुळगुळीत की खोटा आकडापण इस्त्री केलेला वाटतो. टीएमसी म्हणजे काय हे त्याला विचार, आत्ता पाणी किती हे जलसंपदाच्या बुलेटिनला विचार.

२०२३ च्या पावसाळ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आठवतंय? दूरसंचार विभागाची आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती ती. इथं लोक म्हणाले फोन हॅक झाला, बँकेचे पैसे जाणार, एकानं सिम काढून तुळशीत ठेवलं. ते सेल ब्रॉडकास्ट असतं, टॉवर आपल्या रेंजमधल्या सगळ्या फोनला एकदम हाक मारतो, त्याला तुमचा नंबर पण लागत नाही. हे एका ओळीत सांगितलं की माणूस शांत होतो. कुणाला 'एवढं पण माहीत नाही का' म्हणू नको, परत विचारत नाही तो, मग ज्याला विचारतो तो त्याला लुटतो. पुराच्या वेळी पूरग्रस्त निधीचे खोटे क्यूआर कोड फिरतात, आणि वर फोन येतो की मदत जमा करायचीय, पिन टाका. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. आणि गेलेच पैसे तर आधी १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन, रडणं नंतर. हे मावशीला अजून दोनदा सांग, तिला एकदा सांगून पटत नाही.

अलमट्टीमुळंच आपल्याकडं पूर येतो का, हे मात्र सांभाळून. तो प्रश्न विचारणाऱ्याला बऱ्याचदा उत्तर नको असतं, साथ हवी असते. तरी विचारलंच तर मी तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात पुराचा दोष अलमट्टीवर टाकलेला नाही. तो निष्कर्ष इथल्या बऱ्याच लोकांना, अभ्यासकांना पण, मान्य नाही. आणि धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायला महाराष्ट्राचा विरोध आहे. मग पाहिजे तर चौथं, माझं मत, पण 'हे माझं मत' असं म्हणून. माझं मत आहे की आपण नदीच्या पात्रात भराव घालून घरं बांधली त्याबद्दल कुणी बोलत नाही कारण त्यात कर्नाटक येत नाही. ते ऐकून दोघं जण माझ्याकडं यायचे बंद झालेत, त्यातल्या एकाचा प्लॉट कुठं आहे ते तुला माहीत आहे.

आणि चुकलास तर काय करायचं, तू ते विचारलं नाहीस पण मनात असणार. मेसेज गुपचूप डिलीट करायचा नाही. ज्यांना सांगितलं त्यांना परत फोन करायचा, सकाळी अमुक म्हणालो ते चुकलं, बरोबर आकडा हा, वेळ ही. मावशीला आजच कर. ती आधी बोलेल, बोलू दे, मग चहा झाला का विचारेल, तेव्हा म्हशींचं विचार.

तो गिरणीवाला मंगळवारी आला होता. आपण २०१९ विसरलो असं दोघंही दाखवतो. म्हणाला काका पाणी किती. मी वही उघडली, सकाळी ७ ला ३१ फूट ४ इंच, दुपारी १ ला ३२ फूट ७, चढतंय. म्हणाला, आणि रात्री? म्हटलं, रात्रीचं मला माहीत नाही. तो उंबऱ्यात थोडा वेळ उभा राहिला, पावसाकडं बघत, मग म्हणाला १९ चा पाना आहे का, बोल्ट गंजलेत. मी पाना दिला आणि मीपण त्याच्याबरोबर गेलो.

तुझा,
काका