जमिनीचा कायदा शिकवायला कोण जातं?

प्रश्न : सर, मी सांगलीची. एलएल.एम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मालमत्ता आणि जमीन-वापराचा कायदा शिकवायचं मनात आहे. घरचे म्हणतात, विषय रुक्ष आहे, कॉर्पोरेट घे. तुम्हाला इतकी वर्षं हेच शिकवून कंटाळा नाही आला? आणि शिकवता शिकवता वकिली करता येते का?

उत्तर : कंटाळा आला तो पाठ्यपुस्तकाचा. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा शिकवताना आम्ही लंडनच्या लीस्टर स्क्वेअरमधल्या बागेचा १८४८चा खटला, टल्क विरुद्ध मॉक्सहे, रंगवून सांगतो. आणि समोरच्या पोरांनी सातबारा कधी नीट वाचलेला नसतो. म्हणून मी पहिल्याच तासाला प्रत्येकाला एक सातबारा आणायला लावायचो. त्यावरचा एक फेरफार धरायचा आणि मागे जात राहायचं. वारसनोंद, वाटणी, खरेदीखत, आणि पुष्कळदा तळाशी कूळकायदा, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांचा कायदा. १ एप्रिल १९५७, कृषकदिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस. ही तारीख आजोबांच्या नावाशेजारी दिसली की त्या कायद्याचं कलम ३२-ग पाठ करावं लागत नाही.

हमखास कुणीतरी विचारायचं, "सर, सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालक तोच ना?" जमीन महसूल संहितेचं कलम १५७ नोंद खरी मानतं, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते खरेदीखतातून, बक्षीसपत्रातून, वारशाने. फेरफाराने ती मिळत नाही. यावर वर्गात जी भांडणं व्हायची! निम्म्यांच्या घरात चुलत्यांशी हाच वाद चालू असायचा.

जमीन-वापराचा भाग मला त्याहून आवडतो. १९६६च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम १२७ काढून बघ. विकास आराखड्यात एखादी जागा शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवतात, ते आरक्षण. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली, जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण उठतं. नुसते ठराव आणि प्रस्ताव म्हणजे ते पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली सांगितलं. प्रबंधाला हाच विषय घे : तुझ्याच शहराच्या विकास आराखड्यातली आरक्षणं. नकाशा घेऊन त्या जागांवर स्वतः जा.

नोकरीसाठी नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा काढून ठेव. पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. सनद चालू असलेल्या वकिलाला मात्र दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. माझं ऐकशील तर आधी काही वर्षं दिवाणी कोर्टात काढ. चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी, वाचायला तिथेच शिकशील.