अमेरिकेत ‘इंडिसेंट एक्स्पोजर’ची केस झाली तर दंड भरून मोकळं व्हावं का?

ताई, तुमचा प्रश्न मी समजले तो असा. तुमचा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. मित्राकडे जेवून रात्री अकराच्या सुमारास परत निघाला, वाटेत आवरेना म्हणून बंद दुकानांच्या मागच्या पार्किंगमध्ये लघवीला उभा राहिला. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईंनी ९११ला फोन केला. पोलीस आले, अटक करून नेलं नाही, पण सही घेऊन हातात एक कागद ठेवला. त्यावर कोर्टाची तारीख आणि कलम ३१४, म्हणजेच ‘इंडिसेंट एक्स्पोजर’, अश्लील अंगप्रदर्शन. आता तो म्हणतोय, “चूक झालीच आहे, कबूल करतो आणि दंड भरून टाकतो.”

आधी त्याला फोन करा आणि सांगा, काहीही कबूल करू नकोस. बाकीचं सावकाश वाचा.

मी स्वतः वकील नाही. सॅन होजे भागात फौजदारी केसेस घेणाऱ्या एका वकिलांकडे पॅरालीगल आहे, म्हणजे फायली लावणं, रिपोर्ट वाचून टिपणं काढणं, अशिलाच्या आईचे भारतातून येणारे फोन घेणं ही माझी कामं. त्यामुळे “दंड भरून टाकतो” हे वाक्य मी मराठीत, तेलुगूत, हिंदीत, सगळ्या भाषांत ऐकलंय.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं ३१४ पहिल्या वेळी मिस्डिमीनर असतं, म्हणजे किरकोळ वर्गातला फौजदारी गुन्हा. जास्तीत जास्त ६ महिने जेल आणि १,००० डॉलर दंड. आकडा बघून आपल्या माणसाला ते स्पीडिंगच्या तिकिटाचं मोठं भावंड वाटतं. पण याच कलमाला सेक्स ऑफेंडर म्हणून नोंदणी जोडलेली आहे. २०२१च्या आधी ती जन्मभराची होती, आता किमान १० वर्षांची आहे. दरवर्षी वाढदिवसापासून ५ कामाच्या दिवसांत पोलिसांकडे जाऊन माहिती अद्ययावत करायची, घर बदललं की पुन्हा जायचं. शिवाय दुसऱ्यांदा ३१४ लागलं तर ते फेलनी, म्हणजे गंभीर वर्गातला गुन्हा होतं. दंडाच्या पावतीवर यातलं काही छापलेलं नसतं.

आता बचावाचं. ३१४साठी सरकारी पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, त्याने मुद्दाम, ज्यांना वाईट वाटेल अशा कोणाच्या तरी उपस्थितीत, गुप्तांग उघडं केलं. दुसरी, हे त्याने ‘ल्यूडली’ केलं. सगळी केस या एका शब्दावर उभी राहते किंवा पडते. ज्यूरीला दिल्या जाणाऱ्या सूचनेत त्याचा अर्थ असा सांगतात की लोकांचं लक्ष गुप्तांगाकडे वेधायचा हेतू हवा, आणि तोही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या लैंगिक उत्तेजनासाठी नाहीतर समोरच्याला लैंगिक अर्थाने दुखावण्यासाठी. अंग दिसलं एवढ्याने हा हेतू सिद्ध होत नाही.

हा अर्थ ठरला १९७२ साली, कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात, इन री स्मिथ या निकालात. माणूस सॅन डिएगोच्या एका एकाकी किनाऱ्यावर गेला, कपडे काढून टॉवेलवर उताणा पडला आणि चक्क झोपी गेला. काही तासांनी पोलीस आले तोवर किनाऱ्यावर आणखी माणसं आली होती. शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, कारण झोपलेला माणूस कोणाचं लक्ष कशाकडे वेधणार? उन्हात नागडं झोपणं जिथे ३१४मध्ये बसलं नाही, तिथे भिंतीकडे तोंड करून लघवी करणारा सहजासहजी बसायला नको. अर्थात ‘सहजासहजी’ म्हणतेय हे लक्षात घ्या. “कोणी नीट पाहिलंच नाही” एवढाच बचाव पुरत नाही. प्रत्यक्ष कोणाला दिसलंच पाहिजे असं नाही, असंही इथल्या कोर्टांनी म्हटलेलं आहे. म्हणून सगळा जोर हेतूवर द्यायचा.

आणि हेतू ठरतो बारीकसारीक गोष्टींवरून. तोंड कुठे होतं? कोणी येतंय हे कळल्यावर त्याने पँट वर केली की तसाच उभा राहिला? काही बोलला का? जमीन ओली होती का? हसू नका, आमच्या एका फायलीत पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात टॉर्चच्या उजेडात भिंतीवरून उतरलेला ओघळ स्पष्ट दिसत होता, आणि लेखी रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता. आमच्या वकीलसाहेबांनी तो एक फोटो छापून टेबलावर ठेवला. सरकारी वकिलांचा सूर त्या दिवसापासून बदलला.

तेव्हा पुरावा आत्ता गोळा करायचा. दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, दुकानदाराला वकिलाचं पत्र लगेच गेलं पाहिजे. ९११चं रेकॉर्डिंग मागवता येतं. बाई त्या क्षणी फोनवर काय म्हणाल्या आणि नंतर रिपोर्टमध्ये काय उतरलं, यात फरक सापडतो. भावाला मधुमेह असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरचे कागद काढा. रात्री त्याच सुमारास त्या जागेचे फोटो काढा, म्हणजे दिव्याचा खांब कुठे, बाई कुठून येत होत्या ते दिसेल. हे मात्र वकिलाच्या माणसाने करावं, भावाने तिथे घुटमळू नये.

त्या बाईंना शोधून माफी मागायचा विचार त्याच्या मनात आला असेल तर तो आधी काढून टाका. आपल्याकडे “घरी जाऊन पाया पडून मिटवलं” हे मोठेपणाचं असतं, इथे साक्षीदारावर दबाव आणल्याचं वेगळं कलम लागू शकतं. आणि रात्री एकटीने चालताना अंधारात उभा पुरुष बघून बाई घाबरली असेल, तर ते खरंच घाबरणं आहे. तिला खोटी ठरवून ही केस जिंकायची नसते, तसं करायची गरजही नसते.

दुसरी आपली खोड म्हणजे सॉरी. पोलीस दिसला की आपण “सॉरी सर, माय मिस्टेक” म्हणतो, आणि रिपोर्टमध्ये ते “संशयिताने कृत्य मान्य केलं” असं होतं. झालं ते झालं. यापुढे डिटेक्टिव्हचा फोन आला तर “माझ्या वकिलांशी बोला” एवढंच म्हणायचं. व्हॉट्सअॅपवर मित्रांना किस्साही सांगायचा नाही.

कोर्टाच्या तारखेला गेला आणि खिडकीवरच्या क्लार्कने “केस फाइल झालेली नाही” असं सांगितलं तर पेढे वाटू नका. मिस्डिमीनरसाठी सरकारी पक्षाकडे साधारण १ वर्ष असतं. उलट हा काळ सोन्यासारखा. चांगला वकील याच वेळी सरकारी वकिलांच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या ऑफिसला कागद दाखवून सांगतो की हे प्रकरण ३१४चं नाही. बऱ्याच शहरांत उघड्यावर लघवी करण्याविरुद्ध वेगळा नियम असतो. नाहीतर शांतताभंगाचं कलम ४१५ आहे, जे नुसतं दंडाच्या इन्फ्रॅक्शनवरही आणता येतं. त्यात नोंदणी नाही.

वकील धरताना एक प्रश्न विचाराच: डायव्हर्जनचं काय? २०२१पासून न्यायाधीश मिस्डिमीनरमध्ये गुन्हा कबूल न करून घेता केस बाजूला ठेवू शकतात, ठरलेल्या अटी पाळल्या की ती रद्द होते. पण ज्या कलमांना नोंदणी लागते ती यातून वगळली आहेत, म्हणून ३१४ला हा दरवाजा बंद आहे. आधी कलम बदलून घ्यायचं, मग डायव्हर्जन मागायचं, हा क्रम ज्या वकिलाला झटकन सांगता येत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

व्हिसावाल्यांसाठी हा क्रम आणखी महत्त्वाचा, कारण इमिग्रेशन खात्याच्या लेखी ‘कन्व्हिक्शन’चा, म्हणजे दोषी ठरण्याचा, अर्थ वेगळा आहे. एकदा गिल्टी किंवा नो कॉन्टेस्ट (आरोपाला विरोध करत नाही) म्हटलं आणि कोर्टाने काही अट किंवा शिक्षा लावली की त्यांच्या दृष्टीने माणूस दोषी ठरला. पुढे राज्याच्या कोर्टाने ती शिक्षा एक्स्पंज केली, म्हणजे रेकॉर्डवरून काढली, तरी त्यांच्या वहीतून ती जात नाही. २०१३ साली इमिग्रेशनच्या अपील बोर्डाने या ३१४ला नैतिक अधःपतनाचा गुन्हा (ज्यावरून व्हिसा अडू शकतो असा वर्ग) मानलं, तेही त्याच ‘ल्यूड’ हेतूमुळे. पहिलीच वेळ आणि छोटी शिक्षा असेल तर एक सवलत आहे, पण ती वापरायची वेळ येऊच नये. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१०च्या पडिला निकालापासून कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरी इमिग्रेशनच्या वकिलाकडून वेगळं लेखी मत घ्या. दोन फिया जातील, जाऊ द्या.

आणि हे सगळं मी गृहीत धरून लिहितेय की तुम्ही सांगितलं तसंच घडलं. वेगळं काही असेल तर त्याने ते तुम्हाला नव्हे, वकिलाला बंद दाराआड सांगावं. तुम्हाला सांगितलेलं उद्या कोर्टात विचारता येतं, वकिलाला सांगितलेलं नाही.

तारखेला शक्यतो वकील एकटेच उभे राहू शकतात, त्यामुळे ऑफिसातून रजा काढायची चिंता नको. मात्र दिवाळीला घरी यायचं तिकीट त्याने काढलं असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय विमानात बसू नये. पासपोर्टवर व्हिसाचं स्टँपिंग बाकी असेल तर मुंबईच्या मुलाखतीआधी डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का हे विचारतात. सही घेऊन सोडलं ती अटक धरायची की नाही हे वकिलाला विचारून भरायचं, आणि केस कशी संपली याची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत हातात हवी. ती मिळेपर्यंत चकल्या तुम्हीच पाठवा.