माजी विद्यार्थिनींचा आफ्रिकेतील एक संघ

प्रश्न : मदतीवर शिकलेल्या आफ्रिकी मुलींनी पुढे स्वतःची संघटना काढली, असे ऐकले. माजी विद्यार्थ्यांचे संघ बहुधा स्नेहसंमेलनापुरते असतात. ही संघटना नेमके काय करते? – एक वाचक

उत्तर : आपला रोख ‘कॅम्फेड असोसिएशन’कडे असावा. १९९३ मध्ये ॲन कॉटन यांनी ग्रामीण झिम्बाब्वेतील ३२ मुलींच्या शिक्षणाचा भार उचलून ‘कॅम्फेड’ या मुलींच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या संस्थेचे काम सुरू केले आणि १९९८ मध्ये या मदतीतून शाळा पूर्ण केलेल्या तरुणींनी ही संघटना उभारली. आज ती झांबिया, घाना, टांझानिया व मलावीतही आहे. संस्थापक सदस्यांपैकी अँजेलिन मुरिमिर्वा तर २०२३ मध्ये कॅम्फेडच्याच मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

आमच्या मते सर्वांत मोलाचे काम ‘लर्नर गाइड’चे. स्वतः ओढाताणीत शिकलेली तरुणी गावच्या शाळेत स्वेच्छेने जीवनकौशल्यांचे तास घेते आणि एखादी मुलगी फी थकल्यामुळे वा लग्न ठरल्यामुळे वर्गात दिसेनाशी झाली, की तिच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलते. या कामासाठी तिला पगार नसतो. मात्र छोट्या व्यवसायासाठी बिनव्याजी कर्ज मिळण्याची सोय असते. व्याज पैशांत न घेता शाळेला दिलेल्या वेळात धरायचे, असा हा व्यवहार आहे, आणि तो आम्हांला मोठा चतुर वाटतो.