बडनेरा विलीन झालं की समाविष्ट?

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय: शाळेच्या माहितीपत्रकात त्यांनी 'बडनेरा नगरपालिका अमरावतीत विलीन झाली' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी 'विलीन' खोडून 'समाविष्ट' केलं. बरोबर कोणतं?

ताई, आधी वाक्याचा कर्ता बघा. 'विलीन'मधला धातू 'ली', म्हणजे चिकटणं, विरघळणं. विलीन झालेलं वेगळं काढून दाखवता येत नाही, वरणातल्या मिठासारखं. संस्थानांचं 'विलीनीकरण' म्हणतात ते यामुळेच. मुलूख जागच्या जागी राहिला, पण राजाचा कारभार उरला नाही. 'समाविष्ट'मध्ये 'विश्' आहे, म्हणजे शिरणं. प्रवेश, प्रविष्ट ही त्याचीच भावंडं. आत शिरलेलं आत येऊनही तेच राहतं. नगरपालिकेचं सभागृह, नगराध्यक्ष, तिजोरी सगळं संपतं, म्हणून नगरपालिका विलीन होते. गाव समाविष्ट होतं. तुमचा कर्ता नगरपालिका आहे, त्यामुळे माझं मत तुमच्या बाजूनं.

पण खरी गफलत 'अमरावतीत' या शब्दात आहे. अमरावती नगरपालिकेनं बडनेरा पोटात घेतलं, असं घडलंच नाही. 1983 मध्ये दोन्ही नगरपालिका संपल्या आणि त्यांच्या जागी एक महानगरपालिका आली. नाव अमरावतीचं राहिलं, म्हणून विरघळलं ते बडनेरा असा समज झाला. मी असं लिहीन: 'अमरावती आणि बडनेरा या नगरपालिका मिळून 1983 मध्ये अमरावती महानगरपालिका झाली.' दोन्ही तत्सम शब्दांची गरजच उरत नाही. कुणी 'हद्दवाढ' सुचवेल, तर तोही नको. आधीपासून असलेल्या पालिकेची हद्द वाढते, इथं पालिकाच नवी होती.

बोलण्यात मात्र लोक सरळ 'बडनेरा अमरावतीत गेलं' म्हणतात. आणि तेच लोक बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतून निघताना 'अमरावतीले चाल्लो' म्हणतात! कागदोपत्री पाय अमरावतीतच असतात. तुमच्याकडची यवतमाळ रस्त्यानं येणारी मंडळीही बडनेऱ्याले उतरायचं की अमरावतीले, हे तिकीट काढतानाच ठरवतात. रेल्वेचंही तसंच: मुंबई-नागपूर मार्गावरचं जंक्शन बडनेरा, अमरावतीला तिथून फाटा. विधानसभा मतदारसंघाचं नाव बडनेरा, अन् त्यात अमरावती शहराचा काही भाग येतो. मुख्याध्यापकांच्या हिशेबानं तिथं अमरावतीच बडनेऱ्यात समाविष्ट म्हणायची.

पत्रकात आणखी एक दुरुस्ती करून घ्या. 'बडनेराला' असं छापलंय, ते 'बडनेऱ्याला' हवं. भंडारा-भंडाऱ्याला, नांदुरा-नांदुऱ्याला, तसंच. छापणाऱ्याला मुद्दाम सांगा की यातला र अर्धा आहे, रफार नाही. नाहीतर तो 'बडनेर्याला' करून ठेवील आणि पोरं ते 'सूर्याला'च्या चालीवर वाचतील.